वारा हरला तारखेपुढे

20 मार्च 1830 रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. मुंबईच्याच गोदीत वाडियांच्या हाताखाली बांधलेली, 411 टनांची, 80 अश्वशक्तीची दोन इंजिनं असलेली. तिच्या कोठारात साडेपाच दिवस पुरेल एवढाच कोळसा मावत होता आणि एडन होतं अकरा दिवसांच्या वाटेवर. म्हणून कोठार भरल्यावर केबिनींत, डेकवर, जागा दिसेल तिथे कोळसा रचला. ओझ्याने बोट इतकी खाली बसली की तिची पिछाडी पाण्याला टेकली. एडनला लागली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. सुएझ गाठेपर्यंत 33 दिवस गेले, त्यांतले दहाबारा दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात. त्या बंदरांवर तो कोळसा आधी नेऊन ठेवावा लागे, आणि तो नेत होती शिडाची जहाजं.

त्या काळच्या कुठल्याही नाखव्याला हा सौदा आतबट्ट्याचा वाटला असता. वारा फुकट होता. अरबी समुद्रातले मोसमी वारे कोकण-गुजरातच्या तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते. नैर्ऋत्येचा वारा सुटला की बंदरं बंद, नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला, या बेताने सगळं वर्ष आखलेलं असे. तरी मुंबई सरकारने आगबोटीचा नाद सोडला नाही. 1839 मध्ये याच सरकारने फौज पाठवून एडन घेतलं, त्यामागचं एक मोठं कारण कोळशाचं ठाणं हे होतं. पुढे नव्वदहून अधिक वर्षं एडनचा कारभार मुंबईकडे राहिला.

फुकटची शक्ती सोडून माणसाने एवढा खटाटोप का केला? सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर असं की वाफ वेगवान होती आणि वारा मंद. मला हे उत्तर चूक वाटतं. पृथ्वी तापत असताना आपण कोणता मार्ग धरायचा, याच्याशी या चुकीचा थेट संबंध आहे. वाफेने वाऱ्यावर मात केली ती तारखेच्या बळावर. माल अमुक दिवशी पोहोचेल असं लिहून देता येऊ लागलं, आणि त्या लिहून देण्यासाठी जगाने कोळसा जाळला.

वेगाचं म्हणाल तर क्लिपर जहाजांचा इतिहास पाहावा. निमुळती नाळ, लांब सडपातळ अंग, उंच डोलकाठ्या आणि त्यांवर चढवता येईल तेवढं शीड, अशी ही जहाजं 1840 च्या दशकात पुढे आली. त्यांची खरी सद्दी तीसेक वर्षांचीच. माल त्यांत कमी मावे, माणसं जास्त लागत, म्हणून चहा, सोन्याच्या शोधात निघालेले लोक, अफू अशा घाईच्या किंवा महागड्या मालालाच ती परवडत. पूर्व बोस्टनमध्ये डॉनल्ड मकाय यांनी बांधलेलं ‘फ्लाइंग क्लाउड’ 1851 मध्ये न्यूयॉर्कहून निघालं आणि केप हॉर्नला वळसा घालून 89 दिवस 21 तासांत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचलं. सामान्य जहाजांना त्याच वाटेला सहा महिने सहज लागत.

या जहाजाचा मार्ग आखत होती कप्तानाची पत्नी एलेनॉर क्रीझी. सूर्य-ताऱ्यांचे वेध घेणं, जागा काढणं, कुठे वळायचं ते ठरवणं हे तिचं काम. तिच्या हाताशी मॅथ्यू मॉरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने वारे आणि प्रवाह यांविषयी जमवलेली माहिती होती. पायाला झालेल्या इजेमुळे मॉरी समुद्रावर जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याला वॉशिंग्टनमधल्या नकाशांच्या कोठाराचं काम मिळालं. तिथे जुन्या जहाजांच्या रोजनिशा थप्प्या लावून पडल्या होत्या. त्याने त्या उघडल्या. कोणत्या महिन्यात, कोणत्या अक्षांश-रेखांशावर, कुठून वारा होता याच्या हजारो नोंदी वेचल्या आणि 1847 पासून त्यांचे नकाशे छापायला सुरुवात केली. कप्तानांना नकाशे फुकट मिळत, बदल्यात आपल्या सफरीची नोंद ठराविक तक्त्यात भरून पाठवायची. (हाच मॉरी पुढे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून यादवी युद्धात उतरला. त्याच्या कामाचं मोल सांगताना हे लपवू नये.) त्या नकाशांनी प्रवासाचे कितीतरी दिवस वाचले, आणि त्यासाठी कुठे काही जादा जाळावं लागलं नाही. वाऱ्यात जेवढी ताकद पूर्वी होती तेवढीच नंतरही होती, ती कुठे आणि केव्हा मिळते हे मात्र कळलं.

आता 1889 सालची एक रात्र पाहा. तारीख 25 जुलै. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत पी अँड ओ कंपनीची नवी टपालबोट ‘ब्रिटानिया’ ताशी पंधराएक सागरी मैलांनी सिडनीकडे चालली होती. मागून एक दिवा जवळ येताना दिसला. तो सरकत बाजूला आला आणि पुढे निघून गेला. ते शिडाचं जहाज होतं, ‘कटी सार्क’, वीस वर्षांचं जुनं. आगबोटीवरच्या अधिकाऱ्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं जड गेलं आणि ही गोष्ट बोटीच्या नोंदवहीत गेली. वाफेचं इंजिन अर्धशतकाहून अधिक काळ सुधारत आलं होतं, तरी चांगला वारा असलेल्या रात्री शीड त्याला मागे टाकू शकत होतं.

पण दुसऱ्या दिवशी वारा पडला तर? क्लिपरचा सारा दुबळेपणा या ‘तर’मध्ये आहे. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात शिडं लोंबकळत राहत आणि जहाज दिवसेंदिवस एका जागी डुलत बसे. एक जहाज शंभर दिवसांत येई, त्याच्याबरोबरच निघालेलं दुसरं एकशेतीस दिवसांत. 1866 ची चहाची शर्यत फार गाजली. चीनमधल्या फूचौहून निघालेली ‘टीपिंग’ आणि ‘एरियल’ ही जहाजं 99 दिवसांच्या प्रवासानंतर एकाच दिवशी, अर्ध्या तासाच्याही आत, लंडनच्या गोद्यांत शिरली. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर रकानेच्या रकाने भरले. त्यांच्यानंतर फूचौहून निघालेली ‘अर्ल किंग’ ही वाफ आणि शीड दोन्ही वापरणारी बोट मात्र सुमारे पंधरा दिवस आधीच लंडनला पोहोचली होती. वारा पडला की ती इंजिन सुरू करी, एवढाच तिचा विशेष. तिचा वेग भन्नाट नव्हता, ती फक्त कुठे अडकून पडली नाही.

व्यापाऱ्याला, सावकाराला, विमेवाल्याला आणि सरकारला हेच हवं होतं. टपालाच्या कंत्राटांत उशिराला दंड असे. 1870 मध्ये मुंबई-लंडन समुद्रतळाची तार जोडली गेल्यावर सौद्याचा निरोप आठवड्यांऐवजी तासांत पोहोचू लागला आणि माल केव्हा येईल हा प्रश्न अधिकच टोचू लागला. त्याच सुमाराला दोन गोष्टी घडल्या. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टने 1866 मध्ये कमी कोळशात चालणारं संयुक्त इंजिन बसवून ‘अगामेम्नॉन’ पाठवली आणि ती मॉरिशसपर्यंतचे साडेआठ हजार मैल कोळशासाठी न थांबता गेली. ‘ह्यू लिंडसे’ला अकरा दिवस जड गेले होते, त्यानंतर छत्तीस वर्षांत ही मजल. मग 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा उघडला. शिडाच्या जहाजांना तो निरुपयोगीच होता, कारण कालव्यातून ओढून न्यावं लागे आणि तांबड्या समुद्रातला वारा आडवा येई. ‘कटी सार्क’ पाण्यात उतरली ती 22 नोव्हेंबरला, कालव्यानंतर पाच दिवसांनी. चहा वाहण्यासाठी बांधलेल्या या जहाजाला आठ फेऱ्यांनंतर चहा मिळेनासा झाला, आणि 1880 मध्ये ते वेल्समधून कोळसा भरून जपानकडे निघालं, तिथल्या अमेरिकी आरमाराच्या आगबोटींसाठी.

या शेवटच्या तपशिलापाशी मला थांबावंसं वाटतं. शिडाचा काळ स्वच्छ आणि वाफेचा काळ मळका अशी सोपी विभागणी पुष्कळ ऐकू येते. ती खरी नाही. एडनपासून सिंगापूरपर्यंतची कोळशाची ठाणी वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांनी भरली. वाऱ्याच्या पाठीवर बसूनच कोळसा जगभर पोहोचला. आणि वाऱ्याने काय काय वाहिलं तेही सांगायला हवं. माळव्याची अफू मुंबईला येई आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून शिडाच्या जहाजांनी चीनला जाई. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांच्या संपत्तीचा मोठा वाटा त्या व्यापारातला. मुंबई शहराच्या दवाखान्यांना आणि शाळांना त्यातून देणग्या मिळाल्या. अफूची खेप दुसऱ्याच्या आधी पोहोचावी, मोसमी वाऱ्याच्या उलट दिशेनेही जाता यावं, म्हणूनच आशियातली पहिली क्लिपर बांधली गेली. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून तिच्यावर चालणारा धंदा स्वच्छ होतो असं नाही.

तारखेची किंमतही माणसांनी अंगावर भोगली. पी अँड ओच्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर असत, गोव्याचे लोक सलून आणि भटारखान्यात, आणि खाली भट्टीपाशी बहुतेक पंजाब आणि सरहद्दीकडचे आगवाले. तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्यात भट्टीत फावड्याने कोळसा लोटणारा माणूस उष्म्याने कोसळे, कधी दगावे. लंडनला टपाल ठरल्या दिवशी पोहोचे त्यात या माणसांचा घाम मुरलेला आहे. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत सुएझ कालवा आहे, हे लोक नाहीत.

क्लिपर जहाजं धावत होती त्याच वर्षांत, समुद्रापासून दूर, कोळशाच्या धुराची दुसरी बाजू उलगडत होती. 1856 मध्ये युनिस फूट या अमेरिकी बाईने काचेच्या दोन नळ्या घेतल्या, तीस इंच लांब, चार इंच रुंद, प्रत्येकीत दोन तापमापक. एका नळीत हवा, दुसरीत वेगवेगळे वायू भरून तिने त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी सर्वांत जास्त तापली आणि सावलीत नेल्यावर थंड व्हायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. असा वायू वातावरणात जास्त असेल तर पृथ्वी अधिक गरम असेल, हे तिने तेव्हाच लिहिलं. तीन वर्षांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलने याच प्रश्नावर प्रयोग केले. त्याच्या पितळी नळीच्या दोन्ही टोकांना काच नव्हती, सैंधवाच्या पारदर्शक चकत्या होत्या, कारण काच न दिसणारी उष्णता अडवते आणि सैंधव ती जाऊ देतं. नळीतून उष्णता सोडून, दुसऱ्या टोकाला किती पोहोचते ते विद्युतमापकाच्या सुईवर पाहायचं. ऑक्सिजन-नायट्रोजनने सुई जवळजवळ हलली नाही. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मात्र उष्णता अडवली. हरितगृह परिणामाचा हा प्रयोगशाळेतला पाया, 1859 सालचा.

म्हणजे वारा समुद्रावरून हटण्याच्या दहा वर्षं आधी हे कळलेलं होतं. त्याबद्दल त्या पिढीला दोषी धरणं मला पटत नाही. फूट आणि टिंडल दोघांचंही लक्ष पृथ्वीच्या प्राचीन हवामानाकडे होतं. 1896 मध्ये स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनिअसने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचा हिशेब मांडला, पण तेवढा कोळसा जाळायला माणसाला हजारो वर्षं लागतील असं त्याला वाटलं. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे तीनशेहूनही कमी भाग होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहेत.

हवा आणि समुद्र किती तापले हे आपण कशाच्या तुलनेत सांगतो? 1850 ते 1900 या काळाच्या. हाच काळ का, याचं उत्तर पुन्हा जहाजांकडे जातं. 1853 मध्ये मॉरीच्या खटपटीने ब्रुसेल्सला दहा देशांची परिषद भरली आणि जहाजांवर हवामानाच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवायचं ठरलं. खलाशी दोरीने बादली सोडे, समुद्राचं पाणी वर ओढे, त्यात तापमापक बुडवून आकडा लिही. जगाच्या सात दशांश भागावर पाणी आहे, आणि त्या पाण्याचं जुनं तापमान आपल्याला माहीत आहे ते या बादल्यांमुळे. पुढे लाकडी बादलीची जागा कापडी बादलीने घेतली. तिच्यातलं पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने थोडं थंड होई. नंतर इंजिनच्या खोलीत येणारं पाणी मोजू लागले, ते थोडं गरम भरे. शास्त्रज्ञांनी या फरकांच्या दुरुस्त्या केल्या. तापमानवाढ हा आकड्यांचा फेरफार आहे असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं की समुद्रावरच्या या दुरुस्त्यांमुळे जुने आकडे वर सरकतात आणि दीर्घकाळातली वाढ थोडी कमीच दिसते. तरीही 2024 हे वर्ष त्या काळाच्या तुलनेत दीड अंश सेल्सियसहून अधिक गरम निघालं. जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. अरबी समुद्र त्याला अपवाद नाही. तिथली तीव्र वादळं वाढली आहेत हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतल्या सुपाऱ्या ओळीने आडव्या झाल्या. नवी सुपारी लावली तर हातात पीक यायला वर्षं जातात.

आता आजच्या जहाजांकडे येऊ. 2018 मध्ये जगातल्या जहाजांनी सुमारे 107 कोटी टन हरितगृह वायू सोडले, माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास तीन टक्के. समुद्रावरून जाणाऱ्या मालात वजनाने एक तृतीयांशाहून जास्त भाग कोळसा, तेल आणि गॅस यांचाच आहे. जळण वाहण्यासाठी जळण जाळायचं, असा हा कारभार. यावर जो विचार चालू आहे तो बहुतेक इंधनाच्या अंगाने. हायड्रोजनपासून अमोनिया, हिरवं मिथेनॉल, त्यासाठी नवी इंजिनं. हे संशोधन व्हावं, जोरात व्हावं. पण त्यामागचं गृहीतक असं आहे की जहाजाचा वेग आणि तारखेची सक्ती जशी आहे तशीच ठेवायची. मला ते गृहीतक मान्य नाही.

पाण्यात वेग वाढवायला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग वीस टक्के कमी केला तर प्रवास लांबूनही त्या सफरीचं इंधन सुमारे 36 टक्के वाचतं. पंचवीस दिवसांचा प्रवास एकतीस दिवसांचा होतो, एवढंच. तेवढाच माल वाहायला काही जहाजं जास्त लागतील हे धरूनही बचत मोठी राहते. आणि वेग कमी असला की वाऱ्याचा वाटा वाढतो. 2023 मध्ये ‘पिक्सिस ओशन’ या मालवाहू जहाजावर साडेसदतीस मीटर उंचीचे पंख बसवून ते शांघायहून ब्राझीलकडे पाठवलं गेलं. घाईने जाणाऱ्या जहाजाला असे पंख थोडीच मदत करतात, सावकाश जाणाऱ्याला पुष्कळ. शिवाय मॉरीला रोजनिशांच्या थप्प्या उपसून जे मिळालं, त्याच्या कितीतरी पट बारकाईने वाऱ्याचा अंदाज आज उपग्रह देतात. वारा पडला तर इंजिन आहेच. ‘अर्ल किंग’ने तेच केलं होतं.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराकडून येईल. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, जुन्या क्लिपरच्या वाटेने. 2024 च्या हंगामात द्राक्षं जास्त दिवस वाटेत राहिली आणि भाडी कडाडली. त्याला सावकाश जा म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचा माल नासतो, औषधं आणि लशीही थांबू शकत नाहीत. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच वर्षाने दुसरंही दाखवून दिलं. आशिया-युरोप वाट दहा-चौदा दिवसांनी लांबली आणि जगाचा व्यापार तरीही चालू राहिला. क्षेपणास्त्रांच्या भीतीने दोन आठवडे सोसता येतात, तर समुद्र तापू नये म्हणून पाच-सहा दिवस सोसता येत नाहीत असं कुणी म्हणू नये. द्राक्षं नासतात. लोहखनिज, बॉक्साइट, सिमेंट आणि कोळसा नासत नाहीत.

हा न नासणारा माल घाईने का येतो, याचं कारण कागदावर आहे. जहाज भाड्याने घेण्याच्या करारांत शक्य तितक्या त्वरेने जाण्याची अट असते आणि बंदरात ज्याने आधी हजेरी लावली त्याचा नंबर आधी, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामुळे जहाज पूर्ण वेगाने येतं, बाहेर नांगर टाकतं आणि दिवसेंदिवस रांगेत उभं राहतं. त्या काळाचं डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई, जहाजमालक वसूल करतो. जळालेल्या इंधनाचा धूर कुणाच्याच खात्यावर लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या कोळसा बंदराने ही रीत बदलली आणि जहाजाने आधीच ठरवून दिलेल्या वेळेला यायचं असं केल्यावर समुद्रावरची रांग ओसरली. बिमको या जहाजमालकांच्या संघटनेने सावकाश चालण्याची कलमं तयार करून ठेवली आहेत. मग वाट कशाची पाहायची? इंधनावरच्या जागतिक कराराची म्हणाल, तर ऑक्टोबर 2025 मध्ये लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत तो निर्णय एका वर्षाने पुढे ढकलला गेला.

भारत कोळशाच्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक आहे. इंडोनेशियाहून निघून आपल्या बंदरांत, अगदी रत्नागिरीजवळच्या जयगडलाही, उतरणाऱ्या कोळशाच्या निविदेत दोन ओळी आपणच घालू शकतो: धक्का मिळण्याचा दिवस बंदराने आधी कळवायचा, आणि जहाजाने त्या दिवसाला पुरेल एवढ्याच वेगाने यायचं. त्यासाठी वीजकेंद्राला आठवडाभराचा साठा जास्त ठेवावा लागेल आणि त्यात पैसा अडकेल. जहाजमालक वाढलेल्या दिवसांचं भाडं मागेल, खरेदीदार वाचलेल्या इंधनात वाटा मागेल, बंदराला आपलं वेळापत्रक पाळावं लागेल. ही घासाघीस किचकट आहे, पण तिला नवं इंजिन लागत नाही आणि लंडनमधल्या मतदानाची परवानगीही लागत नाही. पुढच्या निविदेपासून ती सुरू करता येते.